फ्रिजच्या दारातली बाटली

पाळणाघरवाल्या मावशींना मुलं आवडतात असं कुणी म्हटलं, तर खुशाल हसावं. मावशींना आवडायची शांतता. तळमजल्यावरच्या दोन खोल्या, भिंतीला टेकवलेल्या गाद्या आणि डोळे वटारून गप्प बसवलेली पोरं. तापानं कण्हणारं मूल त्यांना मुद्दाम आपल्या डोक्यावर आणून बसवल्यासारखं वाटे.

"अँटिबायोटिक सुरू केलंय का?" दारातच त्या आयांना अडवत. नुसतं तापाचं औषध म्हटलं की नाक मुरडत. कामावर जायची घाई असलेल्या आया मग डॉक्टरांच्या मानगुटीवर बसत, आणि डॉक्टरही कटकट नको म्हणून लिहून मोकळे होत. साध्या सर्दीतापाला त्याचा काडीचा उपयोग नाही, हे त्यांना पक्कं ठाऊक असे. ताप आपोआप उतरे आणि कौतुक औषधाचं होई. पोर खेळायला लागलं की उरलेलं औषध मावशींच्या फ्रिजमध्येच राही. न्यायची आठवण ना आयांना होई, ना मावशी करून देत. पुढे कुणाचं अंग कोमट लागलं की आईला न विचारता त्यातलंच चमचाभर तोंडात.

बँकेत नोकरी करणारी एक आई मात्र बधली नाही.

"आमच्या डॉक्टरांनी थांबायला सांगितलंय," ती म्हणाली. "हिला अँटिबायोटिक द्यायचं नाही."

"तुमचे डॉक्टर येणार आहेत का इथं हिला सांभाळायला?"

"नाही. म्हणून तर तुम्हाला सांगतेय."

मावशींना हे झोंबलं. मला शिकवते! त्या दुपारी त्यांनी हट्टानं पोरीच्या तोंडात चमचा घातला, आणि पुढच्या दुपारीही. ताप उतरे, पुन्हा चढे. शेवटी मुलीला दवाखान्यात दाखल करावं लागलं.

आई परत आली ती थेट दारात.

"लघवीत जंतुसंसर्ग आहे म्हणतात, पण तपासणीत जंतूच वाढत नाहीत, मग नेमकं औषध ठरवायचं कसं? आधी कुणी अँटिबायोटिक दिलंय का, विचारतायत. मी नाही म्हणून शपथ घेतली. तुम्ही दिलंत?"

"मी कशाला देऊ?" मावशींनी कानावर हात ठेवले.

आई त्यांना बाजूला सारून आत शिरली आणि तिनं फ्रिज उघडला. दारात गुलाबी औषधाची बाटली उभी होती.

मग मात्र मावशींच्या तोंडाचा पट्टा सुटला. "दिलं! काय करणार आहात? संध्याकाळी हसरं पोर हवं तुम्हाला, दिवसभर किरकिर ऐकायची आम्ही! माझ्यामुळं नोकऱ्या करताय सगळ्या!"

आई भांडली नाही. मोबाइल कानाला लावून तिनं बाटलीवरचं नाव डॉक्टरांना वाचून दाखवलं. पलीकडून काहीतरी विचारलं गेलं.

"आत हेच आहे ना?" तिनं विचारलं.

मावशी फ्रिजचं दार लावू लागल्या.

"बोला ना! पोर तिकडे तापानं फणफणलंय माझं!"

"जागा अडते म्हणून..." मावशी पुटपुटल्या. "ज्याचं उरेल त्याचं, सगळं एकातच ओतते."

"कुणाकुणाचं?"

मावशींनी गाद्यांवर झोपलेल्या पोरांकडं पाहिलं. आठवेना.

आईनं मोबाइल पुन्हा कानाला लावला. "हो डॉक्टर, दिलंय," ती फोनवर म्हणाली. "पण काय दिलंय, ते कुणालाच माहीत नाही."