टालावरचा रेडिओ

सागाच्या ओल्या भुशाचा वास आला की लकडगंजातली ती संध्याकाळ आठवते. इंग्रजांचं राज्य होतं, नागपुरात अजून रेडिओ केंद्र नव्हतं, आणि दादा मुंबईच्या रेडिओवर निवेदक झाला होता. त्याचा आवाज ऐकवायला मी मायला लाकडाच्या टालावर नेलं, कारण आमच्या भागात रेडिओ फक्त टालवाल्या शेठकडे होता. दादानं नमस्कार म्हणताच माय पदर सावरत पुढे सरकली आणि रेडिओलाच म्हणाली, "जेवला का गा? आवाज काहून असा येऊन राहिला?" हमाल हसले. मी शरमेनं खेकसलो, "चूप वं माय, त्याले ऐकू नाही येत." ती पुन्हा कधी रेडिओ ऐकायला आली नाही. परवा दादाच्या वर्षश्राद्धाला पुतणीनं त्याच्या आवाजाची जुनी टेप लावली, तेव्हा भरल्या घरात माझ्याच तोंडून निघालं, "जेवला का गा?" कोणीच हसलं नाही.