मागच्या बैठकीचा जामीन

नेकनूरच्या मुंजाजी मिस्त्रीला लोक शहाणा म्हणत, आणि तो होताही. धनगराच्या घरात जन्मून तो मेंढरांमागे गेला नाही. बीडजवळच्या सरकी काढायच्या गिरणीत इंजिनावर लागला आणि तिशीत तिथला मोठा मिस्त्री झाला. नुसत्या आवाजावरून कुठला पट्टा सैल आहे ते तो सांगायचा. अशा माणसाने जन्मात एकच मूर्खपणा केला, तोही काटकसरीच्या नावाखाली. वेड्याच्या चुका गाव पोटात घालतं, शहाण्याच्या चुका घरच्यांना भोगाव्या लागतात.

गिरणीच्या मालकाने हौसेने मोटारसायकल आणली होती. दोन वर्षांत हौस फिटली आणि ती पत्र्याच्या शेडात कोंबड्यांना बसायला झाली. मुंजाजीने ती मागून घेतली, रोज काम सुटल्यावर सहा महिने तिच्याशी झटत राहिला आणि तेराशे पंचेचाळीस फसलीच्या, म्हणजे इंग्रजी एकोणीसशे छत्तीसच्या, संक्रांतीला तिच्यावर बसून नेकनुरात आला. निजामाच्या मुलखात ही साहेबलोकांनी बसायची चीज. धनगराचं पोर तिच्यावर पाहून म्हाताऱ्यांनी तोंडात बोटं घातली.

पुढे आली नाही ती फक्त त्याची बायको, साखराबाई. दारात उभी राहून तिने गाडी वरपासून खालपर्यंत पाहिली आणि विचारलं, "हिला जामीन कोण हाय?"

हे विचारणं काही वेडगळ नव्हतं. तिकडे बैल विकत घेताना विकणाऱ्याने जामीन द्यायचा अशी रीत होती. उद्या बैल मारका निघाला, कुणाला शिंग लागलं, तर जामीन राहिलेला माणूस येऊन निस्तरायचा. मुकं जनावर स्वतःबद्दल काय सांगणार? त्याच्या वतीने कुणीतरी जबान द्यायला हवी.

"आगं, ही का बैल हाय?" मुंजाजी हसला.

"बैल परवडला. त्याचा डोळा तरी दिसतो. तुमी जामीन दावा, मंग मी बसते."

बसायचं कारणही तसंच होतं. साखराबाईची आई रतनबाई शिरूर कासारला अंथरुणाला खिळली होती. अर्धं अंग लुळं, बोलणं तुटक, त्यात फक्त लेकीचं नाव कळायचं. बैलगाडीने जायला दोन दिवस, यायला दोन. दुभती म्हैस टाकून इतके दिवस साखराबाईला निघता येईना आणि गिरणीतून मुंजाजीला एका दिवसावर सुट्टी मिळेना. मोटारसायकलीने सकाळी निघून संध्याकाळी परत येता आलं असतं. आई आज आहे, उद्या नाही, हे दोघांनाही ठाऊक होतं.

गिरणीच्या कारकुनाने तोड सांगितली. "मिस्त्री, विमा उतरवा. म्हणजे कंपनी तुमची जामीन." मुंजाजीला ते पटलं. जामीन विकत मिळतो म्हटल्यावर तो स्वस्तात कुठे मिळतो, एवढंच पाहायचं राहिलं.

पहिल्यांदा तो बीडच्या एका वकिलाकडे गेला. त्यांच्याकडे मुंबईच्या कंपनीचं काम होतं. वकिलांनी चष्मा पुसत विचारलं, "तुमचं काही बरंवाईट झालं तर रक्कम कुणाला?"

"बायकोला."

"आणि ती मागं बसलेली असली? दोघांचंही एकदमच झालं तर?"

असलं अभद्र मुंजाजीसमोर आजवर कुणी इतक्या थंडपणे बोललं नव्हतं. वर वकिलांनी आकडा सांगितला तो असा, की चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला. विचार करून येतो म्हणून तो उठला.

मग सर्व्हिसच्या मोटारीत बसून तो नगरला गेला. नगर म्हणजे इंग्रजी हद्द, तिथे कंपन्यांना काय तोटा! पहिल्या कचेरीत त्याच्यापुढे एक छापील तक्ता ठेवला. त्यात एका हाताचा भाव वेगळा, डोळ्याचा वेगळा, दोन्ही पाय गेले तर त्याचा वेगळा. तिथला माणूस बोट फिरवत वाचत होता आणि मुंजाजीला खाटकाच्या दुकानात उभं राहिल्यासारखं वाटत होतं. "मागच्या बैठकीवर बाई असेल तर दर वाढतो," तो म्हणाला. "पडायचं तर आधी मागचंच माणूस पडतं." इथला आकडा वकिलांपेक्षा कमी होता, पण तोही झेपणारा नव्हता.

खरं तर त्याने तिथूनच परत फिरायला हवं होतं. पण घासाघीस करायची एकदा चटक लागली की माणूस काय घ्यायला आलो हे विसरतो आणि कितीला मिळतं तेवढंच पाहतो.

नगरातली दुसरी कचेरी कापडबाजारामागच्या बोळात, एका जिन्याखाली होती. बंद गळ्याचा कोट घातलेला किडकिडीत एजंट एकटाच बसला होता. मुंजाजीने दोन्हीकडचे आकडे सांगितले. एजंटने पानाची पिंक टाकली आणि वकिलांच्या आकड्याचा चौथा हिस्सा बोलला.

"एवढं स्वस्त कावून?" मुंजाजीने विचारलं.

"दोन कलमं काढायची. मोगलाईतले रस्ते काढले, आमची कंपनी निजामाच्या हद्दीत जात नाही. आणि मागची बैठक काढली."

म्हणजे मुंजाजी इंग्रजी हद्दीत एकटाच पडला, तरच कंपनी जामीन. त्याची गाडी तर निजामाच्या हद्दीबाहेर कधी जायचीच नव्हती. हे त्याला कळलं नाही असं म्हणता येणार नाही. पक्कं कळलं. तरी त्याने विचारलं, "कागदावर शिक्का असतो ना?"

"दोन असतात. एक लाल, एक जांभळा."

मुंजाजीने कागद घेतला. बायकोला वाचता येत नाही, हे त्या क्षणी त्याच्या मनात आलं आणि त्याला बरं वाटलं. या बरं वाटण्याबद्दल मला त्याचा आजही राग येतो.

घरी साखराबाईने हात पुसून कागद हातात घेतला. दोन्ही शिक्क्यांवरून अंगठा फिरवला. "माझं नाव हाय ह्यात?"

"हाय की."

"शिरूरची वाट?"

"समदं हाय."

तिने कागद देव्हाऱ्यात खंडोबाच्या टाकापुढे ठेवला. मुंजाजीला वाटलं, सुटलो. पण ती भंडाऱ्याची वाटी आणि बेलाचं पान घेऊन त्याच्यासमोर बसली. जामीन राहणाऱ्याने बेलभंडार उचलून शपथ घ्यायची, त्याशिवाय त्या जबानीला अर्थ नसे. बेलभंडार उचलून खोटं बोललेला माणूस तिकडे कुणी ऐकला नव्हता. ऐकला असेल तर त्याच्या घराची पुढची हकीकत सांगायला कुणी उरलं नसेल.

"कंपनी काय हितं येणार न्हाई," ती म्हणाली. "तिच्या वाटचा तुमी उचला."

मुंजाजी पेचात पडला. खरं सांगावं तर ती बसणार नाही, बसली नाही तर आईची भेट नाही, आणि आपली नगरची फेरी, शहाणपण, सगळंच उघडं पडणार. त्याने पिवळी चिमूट बेलाच्या पानासकट उचलली आणि म्हणाला, "साखराचं नाव कागदात हाय. खंडोबाची आण." साखराबाईने तोच भंडारा त्याच्या कपाळाला लावला आणि मग स्वतःच्या. त्याचं कपाळ पोळल्यासारखं झालं.

चैत्रातल्या एका सकाळी ते निघाले. निघायच्या आधी मुंजाजीने गाडीची मळसूत्रं तीनदा आवळली. इंजिनात कुठेतरी एक बारीक खडखड येत होती. एरवी आवाजावरून दुखणं ओळखणाऱ्या मिस्त्रीला ती कुठून येते ते सापडेना. मागच्या लोखंडी चौकटीवर पोत्याची घडी घालून साखराबाई एका बाजूला पाय सोडून बसली.

नेकनूर ते बीड ती अंग आखडून बसली होती. बीड मागे पडल्यावर ती सैलावली, आईसाठी बांधून घेतलेल्या सांज्याच्या पोळ्यांबद्दल बोलू लागली. तिच्या आवाजातला बिनघोरपणा मुंजाजीच्या पाठीत रुतत होता. प्रत्येक वळणावर त्याला वाटायचं, आता. प्रत्येक उताराला वाटायचं, इथंच. समोर रानातून एक होला उडाला तरी त्याचा हात ब्रेकवर जायचा. एकदा त्याने गाडी हळू केली.

"साखरे, घट्ट धर."

"धरलंय की. आन् आता काय भ्या हाय?"

सांगून टाकावं, असं त्याच्या अगदी ओठांवर आलं. मग त्याला वाटलं, आता एवढी वाट सरली, उरलेलीही सरेल.

शिरूर कोसभर राहिलं तेव्हा एका ओढ्याच्या उतारावरून पलीकडे गावच्या देवळाचं शिखर दिसलं. माहेरचा देव. साखराबाईने दोन्ही हात सोडले आणि जोडून कपाळाला लावले. नेमकं तेव्हाच पुढचं चाक गाड्यांच्या चाकोरीत गेलं. गाडी फार काही आपटली नाही. मुंजाजीने ती सावरलीही. पण मागची बैठक रिकामी होती.

साखराबाई ओढ्यातल्या खडकावर पाठीवर पडली होती. रक्त दिसत नव्हतं. डोळे उघडे होते, बोलणं स्वच्छ होतं. "पाय कुठं हायेत माजे?" तिने विचारलं. मुंजाजीने तिच्या पावलांना हात लावला. तिला कळलं नाही.

जवळच्या रानातून शहादेव नावाचा शेतकरी कडब्याची गाडी घेऊन येत होता. त्याने धावत येऊन कडबा खाली ओढला, गाडीत गोधडी अंथरली. "उचला, पाव्हणं, बेगीनं. गावात हाडवैद्य हाय."

"थांबा," साखराबाई म्हणाली. "मला हलवू नगा."

तिच्या बापाला शिरूरच्या बाजारात बैलाने फाडलं होतं, तेव्हा लोकांनी त्याला उचलून घरी नेलं. मागून जामीन आला आणि म्हणाला, मी काही डोळ्यांनी पाहिलं नाही, हा दुसरीकडेच पडला असेल. मारलेलं माणूस जामिनाने जागेवर पाहायचं असतं, ते हलवलं की जामीन सुटतो. ती गोष्ट ऐकतच ती लहानाची मोठी झाली होती.

"कंपनीला निरोप धाडा," ती म्हणाली. "त्यांनी येऊन बघू द्या. आईच्या दवापाण्याला व्हईल."

मुंजाजी तिच्या डोक्यावर धोतराचा सोगा धरून बसला. "धाडतो," म्हणाला, पण धाडलं कुणालाच नाही. शहादेव विनवत होता, ती ऐकत नव्हती. ऊन चढलं. तिच्या ओठांचा रंग बदलत चालला. तिला उचलायचा एकच मार्ग होता, आणि तो मुंजाजीच्या तोंडात अडकला होता. परक्या माणसासमोर, भंडारा उचलून शपथ घेतलेल्या तोंडाने, खरं कसं सांगायचं? तो 'येतील, येतील' म्हणत राहिला. सूर्य डोक्यावर आला.

अखेर तिचा श्वास अडखळायला लागला तेव्हा तो म्हणाला, "साखरे, कुणी येत न्हाई. तुजं नाव त्या कागदात न्हाई. कधीच नव्हतं. मी खोटं बोललो."

ती मान वळवून शहादेवाला म्हणाली, "उचला, दादा."

शिरूरची शीव येईपर्यंत ती जिवंत होती. तोवर ती शहादेवाशी बोलत होती, आईला कुणी सांगायचं आणि कसं ते समजावत होती. गाडीचा कठडा धरून शेजारी चालणाऱ्या नवऱ्याशी ती एक शब्दही बोलली नाही.