पालथा ओतलेला ओटा

पुण्यातल्या निम्म्या इमारती माझ्या आईने बांधल्या आहेत. उरलेल्या निम्म्या गळतात, यावरून काय ते समजा. तीस वर्षं तिने बांधकामांवर घमेली वाहिली आणि त्या घमेल्यांवर मला इंजिनिअर केलं. अशा बाईला काँक्रीट कसं करतात हे सांगायला मी गेलो, त्याची ही हकिगत.

निमित्त खिरीचं. बुद्धपौर्णिमेची खीर आईच्या हातची, असा येरवड्यातल्या आमच्या वस्तीचा कायदाच होता. मला कॉम्प्युटरची नोकरी लागली, आम्ही धायरीला स्वतःच्या घरात आलो, तर इथल्या विहाराची खीरही तिने पहिल्याच वर्षी ताब्यात घेतली. पातेलं एवढं, की आत पडलेला माणूस पुढच्या पौर्णिमेलाच सापडावा. पण खीर व्हायची जमिनीवर, तीन दगडांच्या चुलीवर. आणि एका वर्षी आईचे गुडघे गेले. खाली बसली तर उठवायला तीन माणसं लागायची, उभी राहिली तर पाच मिनिटांत पाय लटपटायचे.

विहार समितीचे अध्यक्ष घरी आले. निवृत्त हेडक्लार्क, बोलणं अर्जासारखं. "मावशी, आपण आता आराम करावा. खिरीचं आम्ही केटररला सांगतोय."

"माझ्या हाताला काय झालंय?"

"हाताला नाही हो, गुडघ्यांना..."

"मग खीर काय मी गुडघ्यानं ढवळते व्हय?"

अध्यक्षांनी चहा अर्धाच ठेवला. फाटकाशी मला हळूच म्हणाले, "पौर्णिमेच्या तीन दिवस आधी येऊन बघतो. जमण्यासारखं असेल तर ठीक, नाहीतर केटरर."

आई त्या रात्री जेवली नाही. माझ्या आईने जेवण सोडलं म्हणजे सूर्याने पूर्व सोडली. मी ठरवलं, मागच्या अंगणात तिला खुर्चीवर बसून ढवळता येईल असा ओटा करायचाच. ओट्याला मोठं गोल भोक, खाली शेगडी, शेगडीवर पातेलं, आणि पातेल्याचा काठ आईच्या कोपराखाली. कडप्पावाला म्हणाला, एवढं भोक पाडलं तर फरशीचे दोन तुकडे होतील, एक तुम्ही घ्या, एक मी घेतो.

तेव्हा मला अमेरिका आठवली. दोन हजार साल उजाडताच जगातले सगळे कॉम्प्युटर वेडे होणार, या भीतीने कंपनीने मला सहा महिने तिकडे धाडलं होतं. तिथल्या साहेबाच्या परसात त्याने स्वतः ओतलेला काँक्रीटचा ओटा होता. इतका गुळगुळीत, की मी त्यात बघून दाढी केली असती.

"अमेरिकेत लोक काँक्रीटवर स्वयंपाक करतात, आई."

"मी तीस वर्षं त्याच्यावर बसून जेवले. मला न्हाई नेलं कुणी अमेरिकेला."

साहेबाची पद्धत अशी : प्लायवुडचा साचा करायचा, ओटा त्यात पालथा ओतायचा. साच्याच्या तळाला टेकलेली बाजू गुळगुळीत होते. घट्ट झाला की उलटायचा. मी ऑफिसात नकाशा काढला, रंगीत छापला आणि त्याबरहुकूम साचा ठोकला. साच्याला आतून स्कूटरचं जळकं ऑइल लावायला घेतलं, तेव्हा आईने पहिल्यांदा तोंड उघडलं. "खीर करायचीय का गाडी धुवायचीय?" मग शेंगदाण्याचं तेल लावलं. बाकी ती गप्प होती. असलं पालथं काम तिने आयुष्यात पाहिलं नव्हतं.

आठव्या दिवशी गल्लीतले सात जण उचलायला आले, आणि पुण्यात असतोच तसा एक सल्लागार. ओटा उलटून विटांच्या पायांवर ठेवला. काय चकाकत होता! मी टाळ्यांची वाट बघत होतो. बायको म्हणाली, "अहो, भोक तिकडे कसं गेलं?"

नकाशात भोक उजव्या टोकाला होतं. उलटल्यावर ते डाव्या टोकाला जाणार, हे पोळी उलटणाऱ्या कुणालाही कळतं, फक्त मला कळलं नव्हतं. डावीकडे कंपाउंडची भिंत, आणि आई डावखुरी. तिने खुर्चीवर बसून रिकामी पळी फिरवून पाहिली. दर फेरीला कोपर भिंतीवर. ओटा फिरवून ठेवावा, तर पाठची भिंत तिरकी म्हणून मी मागची कडही तिरकी ठेवलेली. कसाही बसेना.

"साहेब, आता भिंत हलवा," सल्लागार म्हणाला.

पौर्णिमेला चौदा दिवस होते. मी खाली बसलो. "आई, या वर्षी केटरर..."

"उठ. खडी हाय?"

"आहे."

"शिमिट?"

"दोन पोती."

"मग रडतो कशाला? उद्या ओतू. जिथं ऱ्हायचा तिथंच, आन् उताणा."

दुसऱ्या दिवशी सकाळी अंगणात खुर्ची टाकून आई बसली आणि आमच्या कंपनीतल्या कुठल्याही मॅनेजरला लाज वाटावी असं काम तिने करून घेतलं. पालथा ओटा त्याच सात जणांकडून खाली उतरवला, मग विटांच्या पायांवर फळ्या, फळ्यांना खालून टेकू, वर सळ्यांची जाळी, उजव्या टोकाला भोकासाठी प्लॅस्टिकचा टब. मी पाण्याची बादली उचलली की ओरडायची, "आमटी करतो का? घट्ट ठेव!" ओतून झाल्यावर थापी मात्र तिने स्वतः घेतली. मी आणि बायको तिची खुर्ची ओट्याच्या कडेकडेने सरकवत होतो आणि ती डाव्या हाताने घोटत होती. दोन तास. गुडघ्यांना कुणी विचारलंच नाही.

मग पाणी मारणं. वैशाखाचं ऊन असं, की कावळे सावलीसाठी नंबर लावायचे, आणि धायरीत पाणी टँकरचं. दहा दिवस ओल्या गोणपाटांशेजारी उभा राहून मी आंघोळ केली, अंगावरून निथळलेलं पाणी ओट्याला. "साबण लावलास तर बघ," आईचा खिडकीतून पहारा.

ठरल्या दिवशी अध्यक्ष आले. ओट्यावर टकटक केली. "दिसायला बरा आहे. पण पातेल्याशेजारी पाण्याचे हंडे, सामान... पेलेल?"

"बसा वर," आई म्हणाली.

अध्यक्ष वजनाने अडीच अध्यक्ष होते. पण पाच माणसांसमोर नाही कसं म्हणणार? बसले. आईने मला खूण केली. "काढ टेकू."

"मावशी, मी आधी उतरतो..."

"बसा!"

मी एकेक टेकू हातोडीने ठोकून काढला. फळ्या सुटून खाली पडल्या. ओटा हलला नाही. भीतीने अध्यक्षही हलले नाहीत.

"केटररला नको म्हणून कळवतो," ते वरूनच म्हणाले.

पौर्णिमेला पहाटेपासून आई खुर्चीवर. डावा हात मोकळा, गोल, एका लयीत फिरत होता, आणि दुधाचा वास सिंहगडापर्यंत गेला असणार. आठच्या सुमारास अध्यक्ष जवळ आले. "मावशी, दमला असाल. थोडा वेळ मी ढवळू का?"

आईने पळी थांबवली नाही.

"भांडं आणलंय का?"

"हो, आणलंय की."

"मग लायनीत उभं ऱ्हा."