खुंटीवरचा एप्रन

चाळीत कोणी विचारलं, "मावशी, नात काय करते?" तर मी म्हणायची, "एमेस्सी." इथवर ठीक. पुढे "कशात?" असं विचारलं की माझी पंचाईत. न्यूक्लिअर मेडिसिन म्हटलं की समोरचा माणूस जरा मागेच सरायचा. खालच्या पिठाच्या गिरणीवाल्याने तर एकदा दळण घेता घेता विचारलं, "तिकडे बॉम्ब बनवतात काय हो?" मी म्हटलं, "बनवतात ना. पहिला तुझ्या गिरणीवर टाकायला सांगते. पीठ जाडं काढतोस."

हसायचे तेव्हा सगळे. मीही हसायची. आता नाही हसत.

माझी शाळा पाचवीत सुटली. पुढे कापडगिरणीतल्या माणसांचे डबे करता करता जे छापील हाताला लागलं ते वाचत गेले, एवढंच माझं शिक्षण. मुलगा लवकर गेला. लालबागच्या त्या एका खोलीत आम्ही तिघी बायकाच उरलो, मी, सून आणि नात. नात परळच्या एका मोठ्या हॉस्पिटलात शिकायला जायची आणि घरी आली की मी मासे साफ करत बसलेली असताना समोर बसून मलाच धडा म्हणून दाखवायची.

"आजी, एक्सरेत किरणं बाहेरून आत जातात. आमच्याकडे औषध पोटात देतो आणि किरणं आतून बाहेर येतात. मशीन ती बघतं."

"म्हणजे कंदील माणसाच्या बाहेर धरायचा नाही, आतच ठेवायचा."

"थांब थांब. तोंडी परीक्षेला मी हेच सांगणार!"

तिच्या छातीवर एक बिल्ला असायचा, काडेपेटीपेक्षा थोडा मोठा. तिच्या अंगाला किती किरणं लागली ते त्या बिल्ल्यात साठायचं. "आपल्याला कळत नाही आजी, त्याला कळतं," ती सांगायची. दर तीन महिन्यांनी सगळ्यांचे बिल्ले वाचायला बाहेर पाठवायचे. आणि घरी निघताना बिल्ला डिपार्टमेंटच्या बोर्डावर लावूनच बाहेर पडायचं, हा तिथला पहिला नियम. देवळातून निघताना घंटा वाजवतो ना आपण, तशी ती बोलता बोलता हाताने बिल्ला काढून लावायची, मी एकदा तिला न्यायला गेले होते तेव्हा पाहिलंय.

मग माझ्या गळ्यात गाठ निघाली. थायरॉईडचा कॅन्सर. ऑपरेशन झालं, आणि उरलंसुरलं जाळायला आयोडीन द्यायचं ठरलं. साधं नाही, किरणांचं. ते नातीच्याच डिपार्टमेंटात. आता कंदील माझ्याच पोटात पेटणार होता. मी तिला तसं म्हटलं तर पोरगी हसली नाही.

हॉस्पिटलात मला एकटीला कोंडून ठेवलं होतं, ते दिवस गेले. घरी सोडताना सांगितलं, अजून काही दिवस कोणाच्या जवळ बसायचं नाही, वेगळी खोली, वेगळं ताट, वेगळा संडास. मी डॉक्टरांना म्हटलं, "साहेब, आमच्या खोलीत वेगळा कोपरासुद्धा नाही." पण नातीने सगळं आधीच जमवून ठेवलं होतं. गणपतीचे दिवस होते. अर्धी चाळ कोकणात गावाला गेलेली. आमचा गणपती सासऱ्यांच्या वेळेपासून इथेच बसतो, म्हणून आम्ही मागे. शेजारच्या काकींनी गावाला जाताना खोलीची किल्ली दिली होती आणि गॅलरीच्या टोकाचा एक संडास माझ्यासाठी ठेवायला मागे राहिलेल्या लोकांनी कबूल केलं होतं.

मला सोडलं तो सुट्टीआधीचा शेवटचा दिवस. मला न्यायला नात डिपार्टमेंटातून धावतच आली. एप्रन धुवायचा म्हणून घडी करून पिशवीत कोंबलेला.

आता गणपतीच्या आदल्या दिवशी आमच्याकडे काय होतं ते मुंबईतल्या चाळीतल्या माणसाला सांगायला नको. मखराला जागा करायची तर घरातलं सगळं बाहेर काढावं लागतं. दरवर्षी आमचं सामान शेजारी जातं, यंदाही गेलं. मी आत जायच्या आधी सुनेने मिक्सर, ट्रंका, गाद्या, खुंटीवरचे कपडे, सगळं उचलून त्या खोलीत नेऊन ठेवलं. नातीच्या पिशवीतला एप्रनही तिने काढला, आता धुवायला वेळ नाही म्हणून झटकला आणि माझ्या खाटेच्या उशाशी खुंटीला टांगला.

नातीने दारात रांगोळीची रेघ ओढली. म्हणाली, "आजी, ही तुझी हद्द. तू अलीकडे, आम्ही पलीकडे."

"अगो, सीता म्हातारी झाली. आता कोण रावण येतोय हिला न्यायला?"

"संडास सोडून तू बाहेर यायचं नाहीस आणि मी आत यायचं नाही. रावणाचं मी बघते."

आणि खरंच सांगते, तिने पाऊल टाकलं नाही. ताट स्टुलावर ठेवायची आणि कपडे वाळत घालायच्या काठीने स्टूल माझ्याकडे ढकलायची. मोदकही असेच काठीने आले. एके दुपारी मला उलट्या झाल्या, तोंडात पाणी घालायला कोणी नाही. ती दारात उभी राहून रडत होती आणि सांगत होती, "आजी, डाव्या कुशीवर हो. तांब्या उजवीकडे आहे. हळू. मी इथेच आहे." इथेच म्हणजे रेघेच्या पलीकडे. सून म्हणाली, "जा गं आत, त्या मेल्या तर?" तर तिच्यावरच खेकसली, "आई, आजी मला हेच शिकताना बघत आलीय. मीच नियम मोडू?"

आरती भिंतीपलीकडून ऐकू यायची. मी खाटेवर बसून एकटीच टाळ्या वाजवायची. बोलायला कोणी नाही, मग त्या एप्रनशीच बोलायची. त्याला स्पिरिटचा वास होता आणि कॉलरला तिच्या डोक्याच्या तेलाचा. म्हणायची, बघ गो बाय, आज तुझ्या आईने वरणात मीठच टाकलं नाही. त्या दिवसांत माझ्या इतक्या जवळ दुसरं कोणीच नव्हतं. तेवढा तो एप्रन.

विसर्जन झालं. डॉक्टरांनी सांगितलेले दिवस सरले. नात आत आली आणि माझ्यापासून थोडी लांबच उभी राहून म्हणाली, "आता सामान परत नेऊया." खुंटीवरून एप्रन काढला. काढताना तिचा हात खिशाशी थांबला. खिशाच्या आतल्या बाजूला चिमटा लावलेला तो बिल्ला होता. घाईत तिने बोर्डावर लावलाच नव्हता. छातीवरून काढून खिशात अडकवला असणार आणि तसाच घरी आणला.

"आजी, हा इथे कधीपासून आहे?"

"गणपती बसायच्या आदल्या दिवसापासून. तुझ्या आईने टांगला. का गो?"

ती मटकन खालीच बसली. आणि बसल्यावर आठवलं की माझ्या फार जवळ बसलीये, तर उठून पुन्हा दाराशी जाऊन बसली. तेवढ्यातही तिला आठवलं.

दुसऱ्याच दिवशी तिने डिपार्टमेंटच्या मोठ्या सरांना सगळं सांगितलं. लपवण्याची अक्कल तिला नाही, तिच्या बापालाही नव्हती. सर म्हणाले, बिल्ला पाठवू, रिपोर्ट येऊ दे. रिपोर्ट यायला थंडी पडली. माझ्या अंगातली किरणं त्यात नातीच्या नावावर साठली होती, आणि ती एवढी निघाली की वरच्या सरकारी कचेरीतून विचारणा झाली. रक्त तपासून येईपर्यंत हिला किरणांजवळ जाऊ देऊ नका, असा हुकूम आला. शेवटची सहामाही होती. आत हाताने केलेल्या कामाचे तास भरल्याशिवाय परीक्षेला बसता येत नाही. हिचे तास तिथेच थांबले.

मी म्हटलं, मी येते. ती नको नको म्हणत असताना लुगडं बदलून गेलेच. मला आत बसवून सरांनी चहा मागवला. माणूस चांगला. डोळे थकलेले.

"आजी, एकच विचारतो. ती तुमच्याजवळ बसली होती का?"

"साहेब, रांगोळीच्या रेघेच्या आत तिने पाय टाकला नाही. मी ओकत होते तेव्हाही नाही. माझ्याजवळ तिचा एप्रन होता. माणूस नव्हतं."

"मला पटतं."

"मग?"

"बिल्ला अंगावर होता की खुंटीवर, हे बिल्ला सांगत नाही ना, आजी."

"मी सांगते आहे ना!"

"तुमचं सगळं वर कळवतो. पण समजा, तिला खरंच लागलं असेल आणि मी तिला उद्या पुन्हा आत सोडलं, तर तुम्हीच मला माफ कराल का?"

भांडायला गेले होते. कोणाशी भांडू? एखादा दुष्ट माणूस समोर असता तर बरं झालं असतं. माझ्यामागून आलेली नात कोपऱ्यात मान खाली घालून उभी होती. सरांनी तिच्याकडे बघून हळूच विचारलं, "पण बिल्ला घरी गेलाच कसा? पहिल्या दिवशी शिकवतो आपण."

"आजीला न्यायला धावले, सर."

घरी आल्यावर सून रडत बसली, "मीच टांगला हो, आई. माझे हात झडोत." नात म्हणाली, "तुला काय माहीत होतं? मला माहीत होतं." एवढंच बोलली आणि कांदा चिरायला बसली.

रक्ताचा रिपोर्ट आला तेव्हा परीक्षा होऊन गेली होती. रक्तात काही नव्हतं. पोरीला काहीच लागलं नव्हतं. मी देवापुढे साखर ठेवली. तिने तो कागद बघितला आणि ठेवून दिला. सरांचा फोन आला, वर्ष पुन्हा कर, मी जागा ठेवतो. ती हो म्हणाली, पण गेली नाही. मी रोज मागे लागायची. शेवटी एकदा डबा भरता भरता वैतागून म्हणाली, "आजी, पेशंटला मी सांगायचं की हे जपा, ते जपा, मुलाला जवळ घेऊ नका. आणि मला एक बिल्ला जपता आला नाही. कोणत्या तोंडाने सांगू?"

"अगो, चुकतं माणूस."

"तिकडे चुकून चालत नाही. तेच तर आवडायचं मला."

आता ती दादरला एका सोनोग्राफी सेंटरच्या काउंटरवर बसते. लोकांना फोनवर सांगते, उपाशीपोटी या, पाणी पिऊन या. हुशार आहे म्हणून मालक खूश आहे. पुस्तकं तिने कपाटावर टाकली आहेत. मी पुसायला काढली की म्हणते, "राहू दे गं." पिठाच्या गिरणीवाला अजून विचारतो, "झाला का बॉम्ब?" बिचाऱ्याला काही माहीत नाही. मी पीठ घेते आणि येते.

परवा माझ्या तपासणीचा स्कॅन होता. पुन्हा थोडं आयोडीन प्यायचं आणि दुसऱ्या दिवशी मशीनखाली झोपायचं. तिथेच, त्याच डिपार्टमेंटात. नात मला जिन्यापर्यंत घेऊन आली. "पुढे तू जा," म्हणाली. दारावर किरणांच्या धोक्याचं ते पिवळं पान आहे, काळ्या पाकळ्यांचं. मी त्या दारातून आत गेले आणि जिने आत असायचं ती जिन्यावर बसली.

आत एक नवीन मुलगी होती, नातीपेक्षा लहान. छातीवर बिल्ला. मला हळू आडवं केलं, डोक्याखाली उशी सारखी केली. माझ्याच्याने राहवलं नाही. म्हटलं, "बाय, घरी जाताना तो बिल्ला विसरू नको हां."

ती हसली. "नाही विसरत, आजी. आमच्या आधी एका मुलीने घरी नेला होता म्हणे. पेशंटच्या उशाशीच टांगून ठेवलेला. सर पहिल्या दिवशी सगळ्यांना तीच गोष्ट सांगतात. आता हलू नका."

मी हलले नाही. मशीन माझ्या अंगावरून सरकत होतं आणि डोळ्यांतलं पाणी कानात जात होतं. पुसायला हात उचलता येत नव्हता.

बाहेर आले तर ती उठून उभी राहिली. "काय म्हणाली?"

"काही नाही. हलू नका म्हणाली."

जिना उतरायला लागले तशी तिने माझा हात धरला, चांगला घट्ट, दंडाला दंड लावून. मी म्हटलं, "लांब हो गो, कालच पोटात औषध गेलंय. तूच सांगायचीस ना?"

"असू दे."

"अगो, लागेल तुला."

"लागू दे, आजी," ती म्हणाली. "आता मोजायला कुठे काय आहे माझ्याकडे?"

आणि तसाच हात धरून तिने मला पायरी पायरीने खाली आणलं.