बत्तीस फुटी संसारातलं टमरेल

नेपरव्हिलचं घर विकायचं आणि उरलेलं आयुष्य मोटरहोममध्ये काढायचं, असं नवऱ्याने रिटायर झाल्या झाल्या ठरवून टाकलं. घर दोघांच्या नावावर, त्यामुळे माझ्या सहीवाचून त्याचं काही चालणार नव्हतं. म्हणून त्याने महिन्याभरासाठी एक बत्तीस फुटी गाडी भाड्याने घेतली. "ट्राय तर कर, यार. नाही आवडलं तर विषय बंद," म्हणाला. मला पहिल्याच दिवशी आवडलं नव्हतं, पण त्याने विचारलं नाही.

विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर म्हणतात. पण विंचू निदान प्लास्टिकची हिरवळ आणि बाहेर लावायचा टीव्ही घेऊन हिंडत नाही. मिशिगनमधल्या ज्या आरव्ही पार्कात, म्हणजे मोटरहोमच्या तळावर, आम्ही उतरलो तिथे सगळे निसर्गात राहायला आले होते आणि सगळ्यांची पाठ तळ्याकडे होती, कारण टीव्ही गाडीच्या अंगाला होता. सकाळी पुरुषमंडळी कॉफी घेऊन जमायची आणि संडासाबद्दल बोलायची. खोटं सांगत नाही. कुणाची टाकी किती दिवसांत भरते, वास घालवायला कोण काय ओततं, हेच. तीस वर्षांत घरी ज्याने एकदा कमोड घासला नाही, तो माझा नवरा रबरी हातमोजे घालून त्यांच्यात उभा राहायचा. चेहऱ्यावर असा अभिमान, की मुलीच्या ग्रॅज्युएशनलाही मी तो पाहिला नव्हता.

वीज-पाणी जागेवर मिळत होतं, पण टाकी रिकामी करायची सोय फाटकापाशी. टाकी भरली की खुर्च्या, हिरवळ, टीव्ही सगळं गुंडाळायचं आणि अख्खं बिऱ्हाड तिकडे हाकत न्यायचं. शेजारचा ओहायोचा म्हातारा आठवड्यातून एकदा जायचा. आमचा टाकी भरल्याचा लाल दिवा तिसऱ्याच दिवशी लागला. रिकामी करून आलो, तर आणखी तीन दिवसांनी पुन्हा लागला.

"तू पाणी फार वापरतेस," नवरा म्हणाला. "ते टमरेल बंद कर. इथे सगळे टॉयलेट पेपर वापरतात."

माझं टमरेल म्हणजे खरं तर केकचं पीठ मोजायचा प्लास्टिकचा कप, पण कामावरून नाव पडतं. या देशात येऊन मी पुष्कळ सोडलं. मोठ्याने हसणं सोडलं, मुलीने मराठीत उत्तर द्यावं हा हट्टही शेवटी सोडला. टमरेल सोडलं नव्हतं आणि सोडणारही नव्हते.

"माझ्या एका कपाने एवढी टाकी भरते?" मी विचारलं. तो कॉफी घेऊन बाहेर म्हाताऱ्यापाशी जाऊन बसला.

खिडकी उघडी होती. म्हाताऱ्याने टाकीबद्दल विचारलं असावं. नवरा हसत म्हणाला, "माय वाइफ. ओल्ड हॅबिट्स. शी वॉशेस, यू नो."

"शी'ल लर्न," म्हातारा म्हणाला, आणि दोघंही हसले.

राग आला की मी घासायला घेते. बाथरूम घासताना बेसिनखालचे पेपरचे रोल बाजूला केले, तर मागे ज्यूसची रिकामी बाटली. झाकणाला भोकं पाडलेली आणि आतून ओली. माझा कप तर खुंटीला होता. आपलं ठेवायचं झाकून, दुसऱ्याचं पाहायचं वाकून.

मी बाटली बाहेर नेली आणि त्या दोघांच्या कॉफीच्या कपांच्या मधोमध ठेवली.

"फॉर द प्लांट्स?" म्हाताऱ्याने आपल्या गाडीपुढच्या कुंड्यांकडे पाहत विचारलं.

"यस. प्लांट्स," नवरा म्हणाला. आमच्याकडे गवताचं पातंसुद्धा प्लास्टिकचं होतं. मग मराठीत, हळू आवाजात, "आत ने ना, प्लीज. काय वाटेल त्यांना?"

ज्याचं आडनाव आम्हाला माहीत नव्हतं, जो सोमवारी निघून जाणार होता, त्याला काय वाटेल म्हणे. त्याच्यापुढे बायको उघडी पाडलेली चालत होती, बाटली चालत नव्हती. मला इतकी किळस त्या लाल दिव्याचीही आली नव्हती.

"सही मिळणार नाही," मी म्हणाले, आणि बाटली तिथेच ठेवून आत गेले.

थोड्या वेळाने खिडकीतून पाहिलं, तर नवरा त्या बाटलीने म्हाताऱ्याच्या कुंड्यांना पाणी घालत होता.