पिंपळपान जरा वाकडं

हाताला कंप सुटला तेव्हा तातेराव सगळ्यांना सांगत, चहा जास्त होतोय हो, दुसरं काही नाही. दोन वर्षं बिचाऱ्या चहाला दोष देऊन झाला. मग जामबागेतलं डीटीपीचं दुकान बंद केलं आणि जुना कॉम्प्युटर दिलसुखनगरच्या घरी आणला. मराठवाड्यातून हैदराबादेत आलेल्या कितीतरी बौद्ध घरांच्या लग्नपत्रिका त्या दुकानातून निघाल्या. अन् माणूस असा हट्टी, की वरवधूच्या नावांमधलं पिंपळपान दुसऱ्या कुणाला बसवू द्यायचा नाही.

आता लग्न त्यांच्याच शिवानीचं निघालं. नोकरीसाठी पुण्यात असलेल्या लेकीनं फोनवर सुचवलं, मोबाइलवर तयार पत्रिका मिळते, तीच पाठवू सगळ्यांना. तातेराव भरल्या ताटावरून उठले. साऱ्या गावाच्या पत्रिका मी केल्या, अन् माझ्या पोरीची बाजारातून आणायची? मनकर्णाबाईंनी लेकीला समजावलं, हो म्हण बाई, नाहीतर लग्नापर्यंत उपाशी राहील हा माणूस.

मजकूर त्यांनी एकेका बोटानं टाइप केला. पण माउस धरला की नावं इकडं अन् पान तिकडं. फाइल शिवानीला पाठवली, तर तिच्या मॅकवर अक्षरांच्या जागी नुसता कचरा. तो जुना फॉन्ट होता फक्त बापाच्या विंडोजवर. शेवटी पोरीनंच वाट काढली. फाइल राहू द्या तिथंच, म्हणाली, मीच तुमच्या कॉम्प्युटरमध्ये येते. तिनं सांगितलेला प्रोग्रॅम उघडून पडद्यावरचा आकडा तातेरावांनी तिला फोनवर वाचून दाखवला, परवानगीचं बटण दाबलं, आणि कुणी हात न लावता बाण चालू लागला. मनकर्णाबाई दोन पावलं मागं सरल्या.

तातेरावांना मात्र हसू आलं. मॅकच्या सवयीनं पोरगी भलतीच कळ दाबी, अन् इकडं भसकन स्टार्ट मेनू उघडे. अगदी लहानपणीचीच तऱ्हा! शाळा सुटली की पोट्टी दुकानात यायची, मांडीवर चढून माउस ओढायची आणि पान नेमकं नवरीच्या नावावर नेऊन टाकायची. मग ते तिच्या इवल्याशा हातावर आपला हात ठेवून पान जागेवर आणायचे. काय दिवस होते ते! गिऱ्हाईक खोळंबलेलं, चहा निवलेला, आणि बापलेकीचं एका पानावरून भांडण चाललेलं. असा हात धरायला पुन्हा मिळणार नाही, हे तेव्हा कुठं कळत होतं.

नावं बसली, तारीख बसली. राहिलं पान. बाण पानापाशी गेला आणि तातेरावांना राहवलं नाही. त्यांनी हळूच माउसवर हात ठेवला. बाण थरथरायला लागला.

फोनवर शिवानीनं विचारलं, "बाबा, तुमचा हात आहे ना माउसवर?"

"हौ. काढतो. पान वाकडं जाईल."

"जाऊ द्या," ती म्हणाली. "हात राहू द्या."

थरथरत थरथरत पान दोन नावांच्या मधे जाऊन बसलं. मनकर्णाबाईंनी चष्मा पुसून पाहिलं, आणि पान जरा वाकडं असल्याचं सांगितलं. एरवी तेवढ्यासाठी अख्खी पत्रिका पुन्हा जुळवणारा तो माणूस. त्या दिवशी म्हणाला, असू दे, दोघांनी मिळून बसवलंय.