गेरूचा पट्टा

चहा गार झाला तरी चालेल, पण माझी ही फजिती ऐकाच. घर बघायला गेलो आणि पाणी न लागताच बुडालो की हो!

आमची आई झाशीच्या नगरा मोहल्ल्यात तिसऱ्या मजल्यावर अडकलेली. गुडघे गेल्यापासून दोन वर्षं ती खाली उतरली नव्हती. दिवसभर खिडकीत बसायची, आणि ते बघून माझा जीव तुटायचा. तिच्यासाठी तळमजल्याचं घर हवं होतं. परवडणारं एकच मिळालं, नाल्याकाठी.

"अहो, पावसाळ्यात पाणी भरत असेल. शेजारीपाजारी विचारा तरी," बायको म्हणाली.

मी कशाला विचारतोय! तिथे प्रत्येक घराच्या भिंतीला कमरेच्याही वर गेरूचा पट्टा होता. आमच्याकडे पिढ्यान्‌पिढ्या दिवाळीला ओट्याला गेरू लावतात. आता झाशीत एवढं कोण जपतं? माझा ऊर भरून आला.

"बघ, संस्कारी वस्ती!"

"आणि आत दिव्यांची बटणं इतकी उंच का?"

"मुलांचे हात पोचू नयेत म्हणून."

"फ्रिज चौथऱ्यावर?"

"खाली झाडायला सोपं."

"देवघर तर छताला टेकलंय!"

"मग? देव काय पायाशी ठेवायचे?"

घरमालक मिश्राजी माझ्या प्रत्येक उत्तराला "बिल्कुल, भाईसाहब!" म्हणत होते. विकणारा इतकी मान डोलावतो तेव्हा माणसाने सावध व्हावं की नाही? मी उलट त्यांनाच गेरूवर व्याख्यान दिलं!

होकार कळवण्याआधी आईची पसंती हवी. मी आणि मेहुण्याने तिला खुर्चीत बसवून खाली आणलं, रिक्षात घातलं. तिथे पोचल्यावर ती भिंतीला धरून उभी राहिली. शेजारीण दारात वड्या वाळत घालत होती.

"बिटिया, ये गेरू इतना ऊँचा काहे?" आईने विचारलं.

"अम्मा, भादों में पानी इतै लौं आउत है. दाग बुरे लगत, सो पोत देत."

म्हणजे भादव्यात पाणी पार इथवर चढतं, आणि त्याचे डाग झाकायला हा गेरू! मिश्राजींना अचानक फोन आला.

पट्टा आईच्या छातीला लागत होता. ती म्हणाली, "मला चढवत नाही म्हणून इथे आणतोयस ना? मग पाणी आलं की मी कुठे चढू रे?"

भादव्यातली रात्र आणि पाण्यात उभी आई डोळ्यांपुढे आली, आणि मी रिक्षा वळवायला सांगितली.

परतताना खुर्ची तिसऱ्या मजल्यावर नेता नेता आमचा दम निघाला. आई मात्र अखंड बोलत होती. रिक्षाला आडवी आलेली बकरी, कोपऱ्यावरचे समोसे, कुणाच्या तरी दारातली जास्वंद. दोन वर्षांत तिचा असा चेहरा मी पाहिला नव्हता.

"चुकलं गं आई," मी धापा टाकत म्हणालो.

"चुकू दे की! दर रविवारी मला असंच एखादं घर दाखवायला नेत जा." आणि घरात शिरताना वळून म्हणाली, "फक्त घेऊ नकोस."